दहा टक्के कशाचे?

करुणा,

काल समोरच्या रमिलाबेन येऊन गेल्या. हातात खिचडीचा डबा होता. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि हॉलभर नजर फिरवत राहिल्या. तुझ्या फोटोसमोर दिवा आहे, फुलं आहेत, पण त्यांना आणखी काहीतरी दिसायला हवं होतं. शेवटी त्यांनी विचारलंच, "भाई, अस्थी? नाशिकला नेल्या की इकडेच सोडल्या?"

मी म्हटलं, "अस्थी नाहीत, बेन. करुणाने देहदान केलं. माझ्याच कॉलेजला."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला, खुर्चीत टेकल्या, आणि म्हणाल्या, "ते बाटलीवाल्या कॉलेजला?"

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. इतकी वर्षं झाली, पण आपल्या गॅलरीतल्या त्या बाटल्या ती बाई विसरलेली नाही. मीही हसलो. मग त्या रडल्या, आणि मी त्यांना पाणी आणून दिलं.

त्या गेल्यावर मुग्धा ऑफिसच्या कॉलवर बसली आणि मी हे लिहायला घेतलं. मोठ्याने बोललो असतो तर पोरीला वाटलं असतं, बाबांचं काही खरं नाही. तू केमिस्ट्रीच्या किती बॅचेस शिकवल्यास, तुझे विद्यार्थी कुठे कुठे आहेत, हे सगळं भेटायला येणारे मला सांगताहेत. ते मला ठाऊक आहे. मला तुझे आभार मानायचे आहेत, आणि आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, त्याचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

घाटकोपरला स्टेशनसमोर उडप्याचं हॉटेल होतं, वरच्या मजल्यावर फॅमिली रूमवालं. माझ्या हॉस्टेलमधला मित्र, म्हणजे तुझा मावसभाऊ, त्याने आपल्याला तिथे भेटायला लावलं होतं. मी तेव्हा मेडिकल कॉलेजात अ‍ॅनॉटॉमी शिकवायला नुकती सुरुवात केली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना मृतदेहावर शरीराची रचना दाखवायची, हे माझं काम. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मी शवविच्छेदनाच्या हॉलमधून तसाच आलो होतो. मुली पाहायला गेलो की त्या वासाने पुढचं बोलणंच व्हायचं नाही. तू मात्र बसल्या बसल्या नाक जरा वर केलंस आणि म्हणालीस, "फॉर्मलिन ना?"

"सॉरी. शर्ट बदलायला वेळ मिळाला नाही."

"किती टक्के वापरता?"

"दहा."

"दहा टक्के कशाचे?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "फॉर्मलिनचे."

"आणि फॉर्मलिन म्हणजे?"

एवढी डॉक्टरकी शिकलो, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तू पाण्याचा पेला पुढे ओढलास आणि समजावून सांगू लागलीस, जणू मी तुझ्या वर्गात बसलोय. फॉर्मल्डिहाइड हा खरं तर वायू. तो पाण्यात विरघळवला की जे द्रावण मिळतं ते फॉर्मलिन. पण बाटलीतल्या त्या शंभर भागांतही वायू असतो साधारण चाळीसच. त्याचे आम्ही दहा टक्के करणार, म्हणजे खरे चार. मग माझा पडलेला चेहरा पाहून तू म्हणालीस, "तुम्ही खोटं सांगत नाही आहात हो. अर्धंच सांगताय."

मित्राने खाली टपरीवर विचारलं, कशी वाटली. मी म्हटलं, परीक्षा घेतली माझी. तो म्हणाला, मग पास झालास का? मला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या भेटीत तू 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणालीस, तेव्हा कळलं.

हा स्वभाव तुझ्या बाबांचा. चेंबूरला तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो तेव्हा ते पाणीखात्यातून नुकतेच परतले होते आणि खिशातली छोटी कुपी टेबलावर ठेवत होते. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकायचे, पिवळा रंग किती चढतो त्यावरून क्लोरीन किती ते ओळखायचं. दहा लाख भागांत एखादा भाग असला तरी त्यांना पुरायचं. "जास्त झालं तर लोक ओरडतात, कमी झालं तर लोक मरतात," असं ते मला म्हणाले होते. जावयाशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य हे.

आपल्या लग्नाला माझा मोठा भाऊ आला नाही. आम्ही मालवणकडचे, भांडुपच्या चाळीत वाढलेले. तुझे आईबाबा बौद्ध, जालन्याकडून आलेले. दादाने भांडण केलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त आला नाही. मी त्याच्याशी नातं तोडायला निघालो होतो. तू म्हणालीस, "थांब. तुझा दादा संहत आहे, तीव्र नाही." मी वैतागून विचारलं, हे काय आता? तेव्हा तू मला तो फरक सांगितलास, जो पुढे वर्षानुवर्षं मुलांना सांगत राहिलीस. द्रावणात आम्ल किती भरलंय, त्यावर ते संहत की विरल हे ठरतं. आम्ल तीव्र की सौम्य हा त्याचा मूळ स्वभाव, पाणी घालून किंवा आटवून तो बदलत नाही. व्हिनेगरमधलं आम्ल कितीही संहत केलं तरी सौम्य ते सौम्यच. पेपरात मुलं हमखास तिथेच चुकतात, म्हणायचीस.

मुग्धा झाली तेव्हा दादा नारळ आणि डिंकाचे लाडू घेऊन आपल्या मुलुंडच्या घरी आला, बाळाला मांडीवर घेऊन तासभर बसला, आणि जाताना तुला म्हणाला, "करुणा, चाय बरी केलंस." तू दार लावून माझ्याकडे पाहिलंस. काही बोलली नाहीस. तेव्हा न बोलल्याबद्दलही तुझे आभार.

आता बाटल्यांकडे येतो.

संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा माझे डोळे लाल असायचे. मुलांचे तर वाहायचेच. एक मुलगी रोज बाहेर जाऊन तोंड धुऊन यायची, आणि आम्ही मास्तर लोक म्हणायचो, होईल सवय. तू म्हणालीस, "सवय कसली? तो वायू आहे, त्याला पाण्यात राहायचंच नाहीये. झाकण उघडलं की तो आधी बाहेर येतो, तुमच्या डोळ्यांत आणि छातीत. प्रमाण कमी करा." देह ज्या टाक्यांत ठेवतात त्यांचं काम तेव्हा माझ्याकडे आलं होतं. तू हिशेब करून आकडा दिलास, मी तो वापरला. हॉलमधली हवा खरंच बदलली. ती मुलगी तास संपेपर्यंत टेबलापाशी उभी राहायला लागली.

पावसाळा संपता संपता एका टाकीत बुरशी आली.

आमचे हेड सर टाकीपाशी उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "डॉक्टर, घरची केमिस्ट्री घरी ठेवा." मी ते घरी येऊन सांगितलं नाही, पण जेवणात माझं लक्ष नाही हे पाहून तू काढून घेतलंस. शनिवारी अर्धी सुटी टाकून तू कॉलेजात आलीस. हॉलमध्ये तू पाऊल टाकलंस ते तेव्हाच पहिल्यांदा. घाबरशील म्हणून मी पुढे पुढे चाललो होतो. तू मला बाजूला केलंस आणि थेट टेबलाशी गेलीस.

म्हातारी बाई होती. खांद्यावर कापसासारखी पांढरी बुरशी पसरली होती. हातावर गोंदण होतं, तुळशीवृंदावनाचं, अजून स्पष्ट दिसत होतं.

"कोण आहे ही?"

"नाव आम्ही ठेवत नाही. नंबर असतो."

"पण आली कशी इथे?"

"तिने स्वतः लिहून दिलं होतं. मुलगा घेऊन आला."

तू त्या गोंदणाकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "तिने दिलं, आणि आपण नासवलं."

मी म्हटलं, अगं, साफ करू, फिनॉल मारू, काम भागेल. तुझं लक्ष नव्हतं. पण तू 'आपण' म्हणालीस, हे मात्र माझ्या लक्षात आलं. आकडा तुझा होता, टाकी माझी होती, 'तू' म्हणायला किंवा 'मी' म्हणून खचायला दोन्हीला जागा होती. तू 'आपण' म्हणालीस आणि सोमवारपासून कामाला लागलीस.

फक्त फॉर्मलिन कमी करून भागत नाही, त्याने सोडलेलं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं, हे तुझं म्हणणं. बुरशीसाठी थोडं फिनॉल. शरीर लाकडासारखं कडक होऊ नये म्हणून ग्लिसरीन. सगळं आतपर्यंत पोचावं म्हणून स्पिरिट. पण कुणाचं किती? ते ठरवायला आपल्या गॅलरीत बरण्या मांडल्या गेल्या. तुझा भाऊ चेंबूरहून स्कूटरवर येताना देवनारहून बोकडाचं मटण आणायचा. अर्धं जेवणाला, अर्धं बरण्यांना. प्रत्येक बरणीत वेगळं प्रमाण, झाकणाला मेण, वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी.

रमिलाबेन कपडे वाळत घालताना पाहायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "करुणाबेन, मुरंबा?" बाई चोख शाकाहारी, दारावर तोरण, घरात कांदासुद्धा नाही. मी आतून तुला खुणा करत होतो, हो म्हण, हो म्हण. तू म्हणालीस, "नाही बेन, बोकड." त्या आत गेल्या आणि खिडकीला पडदा आला. तू वर मला सुनावलंस, "उद्या चाखायला मागितला असता तर?"

नंतर एकदा त्यांच्या सासूच्या जखमेला कुठलं औषध किती पाण्यात घालायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून कळेना. त्या तुझ्याकडेच आल्या. पडदा गेला तो कायमचाच.

त्या महिन्यांत मी तुझ्याकडून जे शिकलो ते मला कुणी शिकवलं नव्हतं. एक लिटर पाणी आणि एक लिटर स्पिरिट एकत्र केलं की दोन लिटर होत नाही, थोडं कमीच भरतं, हे तू मला मोजपात्रात करून दाखवलंस. मी म्हटलं, सांडलं असेल. तू पुन्हा करून दाखवलंस. एकाचे कण दुसऱ्याच्या कणांमधल्या जागेत शिरतात. म्हणून पाणी आधी मोजून घालायचं नाही. बाकी सगळं आधी, आणि शेवटी पाण्याने खुणेपर्यंत भरायचं. ग्लिसरीन पडलं की द्रावणात रेषा दिसतात, उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा हलते ना, तशा. त्या रेषा पूर्ण जाईपर्यंत ढवळायचं. मी लवकर थांबायचो. तू माझ्या हातातून काचेची कांडी काढून घ्यायचीस.

हेड सरांनी शेवटी एक बरणी उघडून पाहिली, तुकडा चिमट्याने वाकवला, आणि "लिहून द्या" इतकंच म्हणाले. विभागात ते माझ्या नावावर गेलं. मी तुला म्हटलं, तुझं नाव यायला हवं होतं. तू म्हणालीस, बोकडाचं तरी कुठे आलंय?

करुणा, आज माझी छाती साफ आहे. माझ्याबरोबरचे दोघे पंप घेतल्याशिवाय जिना चढत नाहीत. मी तिसऱ्या मजल्यापर्यंत बोलत चढतो. हे तुझ्यामुळे, असं मी डॉक्टरांना सांगितलं, मित्रांना सांगितलं. तुला सांगितलं का? मला तरी सांगितल्याचं आठवत नाही. घरात माणूस असलं की वाटतं, तिला माहीत असणार.

मी रिटायर झालो त्या दिवशी आपण रिक्षाने घरी येत होतो. माझ्या मांडीवर शाल, नारळ आणि गुच्छ. तू बाहेर बघत म्हणालीस, "अवी, मला तुझ्या डिपार्टमेंटला जायचंय."

"आत्ताच तर आलो."

"मेल्यावर."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मी विषय बदलला. घरी तू चहा टाकलास आणि तिथूनच सुरू झालं. मी म्हटलं, दे ना देह, पण दुसऱ्या कॉलेजला दे. तू म्हणालीस, "नाही. तुमच्याकडचं द्रावण मला माहीत आहे. दुसरीकडे काय वापरतात कुणास ठाऊक."

"मला चालणार नाही."

"का?"

"मला माहीत आहे तिथे काय काय करतात."

"मग चांगलंच आहे की. इतरांच्या घरच्यांना तेवढंही माहीत नसतं." आणि तू वर म्हणालीस, "म्हणजे दुसऱ्यांच्या बायका चालतात."

मला राग आला. वर्षानुवर्षं मी लोकांच्या मुलांना, नवऱ्यांना समोर बसवून सांगत आलो होतो, की तुम्ही मोठं काम करताय. खोटं सांगत नव्हतो. तुझ्या भाषेत, अर्धंच सांगत होतो.

मी म्हटलं, "मला तुझ्या अस्थी हव्यात."

"काय करणार त्यांचं? कॅल्शियम फॉस्फेट असतं ते."

"असू दे. हवंय."

तू चहा गाळलास, माझा कप माझ्यापुढे सरकवलास, आणि आपण टीव्ही लावला. पुढे तू रीतसर इच्छापत्र भरलंस, मुग्धाला साक्षीला घेतलंस, मला फक्त सांगितलंस. नंतर विषय निघाला की तू म्हणायचीस, मला हवंय. मी म्हणायचो, मला नकोय. भांडण तिथेच राहिलं.

मग तुझं हृदय थकलं. पाय सुजायला लागले, मग पोट. गेल्या काही महिन्यांत रक्तातलं सोडियम सारखं खाली जायचं, आणि ते खाली गेलं की तुझं बोलणं अडखळायचं. मुग्धा अंधेरीहून मेट्रो आणि पुढे रिक्षा करत दर दुसऱ्या दिवशी यायची. एकदा तिने तुझ्या वरणात वरून चमचाभर मीठ घातलं. तू ताट बाजूला केलंस.

"आई, रिपोर्टमध्ये मीठ कमी आलंय ना?"

"मीठ कमी नाही गं झालं. पाणी जास्त झालंय. आत सगळं पातळ झालंय माझं." दम लागत होता तरी तू वाक्य पूर्ण केलंस. "त्यात अजून मीठ घातलंस तर ते आणखी पाणी धरून ठेवेल. उत्तर मीठ नाही. उत्तर पाणी कमी."

डॉक्टर संध्याकाळी आले तेव्हा त्यांनी हेच सांगितलं, पण तुझ्याइतकं सोपं करून नाही.

पाणी कमी म्हणजे किती कमी, ते मला तुला मोजून द्यावं लागायचं. औषधाच्या कपातून. तुला तहान लागायची आणि तू मागायची नाहीस, नुसती माझ्या हाताकडे बघायचीस. मी बर्फाचा खडा ओठांवर फिरवायचो. एका सकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की आता मोजू नका, त्यांना आवडेल ते द्या. मी आत आलो आणि पेला भरून आणला. तुला उशीला टेकवून बसवलं. तू पेल्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि तुला सगळं कळलं. मी काहीतरी बोलणार होतो. तू मान हलवलीस, पेला दोन्ही हातांनी धरलास, आणि सावकाश, आवडीने, सगळं पाणी प्यायलीस. "मस्त," म्हणालीस. इतकंच. मला वाटतं त्या दिवसांत मी तुला दिलेली ती एकच चांगली गोष्ट, आणि तीही तू मला सोपी करून दिलीस.

तू गेलीस ती सकाळी, घरीच. मुग्धाने आधी नेत्रपेढीला फोन लावला, मग काकाला. नेत्रपेढीचा माणूस तरुण होता, अदबीने वागत होता. काम झाल्यावर त्याने छोट्या कुपीतलं गुलाबी द्रावण दाखवलं, बुबुळं यात ठेवतात म्हणाला. मुग्धाने विचारलं, "यात काय काय असतं?" तो जरा गोंधळला, मग आठवून आठवून सांगू लागला. ती ऐकत उभी होती, अगदी तुझ्यासारखी, मान एका बाजूला करून. पोर रडत होती आणि ऐकतही होती.

तितक्यात दादा आला. वय झालंय त्याचं, जिना चढून धापा टाकत होता. तुझ्या पायाशी बसला. मुग्धाने त्याला देहदानाचं सांगितलं. तो माझ्याकडे वळला.

"अवी, माणसाक जाळूक व्हया. धाव्या दिसाक काय करतलंस? नदीत काय सोडतलंस?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. मला जे म्हणायचं होतं ते तो म्हणत होता. सही माझी लागणार होती. मी नाही म्हटलं असतं तर इच्छापत्र कपाटात राहिलं असतं आणि मला कुणी दोष दिला नसता.

दादाने विचारलं, "तिणा स्वतः सांगल्यान काय?"

"हो."

"कोणाक? तुका?"

"मला. मी नको म्हणालो होतो."

"मगे तिणा काय केल्यान?"

"तरी भरलं."

दादाने तुझ्या पावलांवरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "जितेपणी तुझा ऐकल्यान नाय, आणि आता तिका ना म्हणणारो तू कोण?" आणि उठताना, माझ्या खांद्याचा आधार घेत, "माका मात्र जाळ. सांगान ठेवतंय."

मी सही केली.

विभागात आता शर्मिला हेड आहे. तुझे बटाटेवडे खायला यायची ती माझी विद्यार्थिनी. ती दारातच उभी होती. तिने तुला नमस्कार केला, मग मला म्हणाली, "सर, तुम्ही केबिनमध्ये बसा. आम्ही करतो सगळं."

मी म्हटलं, "बसतो. पण द्रावण मी करतो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आपला अ‍ॅप्रन काढून दिला.

आतल्या खोलीत पंखा सुरू केला. फिनॉलचे खडे स्पिरिटमध्ये विरघळवले. ग्लिसरीन ओतलं. ते घाईने पडत नाही, मलाही घाई नव्हती. मग फॉर्मलिन, तुझ्या आकड्याप्रमाणे, चेहरा बाजूला करून. शेवटी पाणी, खुणेपर्यंत. रेषा दिसत होत्या. ढवळत राहिलो. हात दुखायला लागला तेव्हा शर्मिला म्हणाली, "सर, मी करू?" मी मान हलवली. रेषा गेल्या. द्रावण स्वच्छ झालं, आरपार. तरी आणखी थोडा वेळ मी ढवळत राहिलो, कारण थांबलो की ते तिच्या हातात द्यावं लागणार होतं.

मग दिलं.

पुढचं मी पाहिलं नाही. केबिनमध्ये बसलो. कुणीतरी चहा आणून ठेवला. मुग्धा माझा हात धरून बसली होती. बऱ्याच वेळाने शर्मिला आली, हात धुतलेले, डोळे सुजलेले. म्हणाली, "सर, झालं. नीट झालं. नंबर तुम्हाला सांगू का? म्हणजे कधी यावंसं वाटलं तर."

मला वाटलं होतं मी हो म्हणेन. अस्थी नाहीत, निदान नंबर तरी. मुग्धाही माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "नको. सांगू नकोस."

का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. तुला सांगतो. त्या हॉलमध्ये मी आयुष्य काढलं, पण मी तिथे कामाला जायचो. हात जोडायचो ते वर्षातून एकदा, नव्या मुलांना या देहांचा मान राखायची शपथ देताना, सगळ्यांबरोबर. शर्मिला म्हणते, नव्या बॅचच्या शपथेला या, या वेळी घरचे म्हणून या. मी जाणार आहे. टाक्यांवर झाकणं असतील, टेबलांवर पांढऱ्या चादरी असतील, आणि त्यातली तू कुठली, हे मला माहीत नसेल. मग मला प्रत्येकापाशी थांबावं लागेल.

तुझा,
अवी